गुळाच्या काट्यावर

ओंकारचं नवं पुस्तक परवा घरी आलं. दोन बैठकीत वाचून काढलं, मिटलं आणि सवयीनं उठून उभी राहिले. नवऱ्यानं पेपरातून डोकं काढून विचारलं, "काय हवंय?" काय सांगणार त्याला? पुस्तक संपलं की उभं राहायची खोड मला शाहूपुरीतल्या एका लायब्ररीनं लावली. आता उभं राहून करायचं काय, हा प्रश्नच आहे. जिच्यासमोर उभं राहायचं ती अक्का गेल्या उन्हाळ्यात गेली.

अक्का सगळ्यांचीच अक्का होती. तिचं खरं नाव मी फक्त लाइटच्या बिलावर वाचलं. मी गारगोटीहून कोल्हापूरला विम्याच्या ऑफिसात नोकरीला आले तेव्हा शाहूपुरीतल्या तिच्या घराची वरची खोली भाड्यानं घेतली. पहिल्या दिवशी तिनं ना माझी जात विचारली, ना पगार. तिनं विचारलं, "वाचतीस काय?"

"वाचते."

"मग ऱ्हा. पाणी सकाळी सहाला येतंय."

न वाचणाऱ्यांना पाणी किती वाजता येतं, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

घर तिच्या सासरचं, लिंगायत व्यापाऱ्याचं. पुढच्या खोलीत पूर्वी गुळाची अडत चालायची. नवरा गेल्यावर दिरांनी धंदा दुसरीकडं हलवला आणि ही रस्त्यावरची खोली तिच्या वाट्याला आली. दिरांना वाटलं, वहिनी भाड्यानं देतील. वहिनींनी ढेपांच्या मांडण्या पुसून त्यावर पुस्तकं लावली आणि बाहेर लायब्ररीची पाटी टांगली. पण गूळ काही त्या खोलीतून पुरता गेला नाही. भिंतींना त्याचा वास होता, पुस्तकांना होता आणि मुंगळ्यांना तो अजून येत होता. प्रेमकथेच्या ऐन रंगात आलेल्या पानावरून एक मुंगळा निवांत चालत जाई आणि वाचणारा त्याला वाट देई. अक्का हळदीनं त्यांना थोपवायची. त्यामुळं तिच्याकडची बरीचशी पुस्तकं कडेनं पिवळी होती आणि नव्या माणसाला वाटायचं, ही फार जुनी असतील.

खोलीच्या मध्यावर जमिनीत बसवलेली एक चौकोनी फरशी होती. तिथं पूर्वी गुळाचा काटा असायचा. काटा दिरांनी नेला, फरशी राहिली. पुस्तक परत करायला आलेल्या माणसानं त्या फरशीवर उभं राहायचं, असा अक्काचा कायदा होता.

"चल, काट्यावर हो," ती म्हणायची. "पुढं काय झालं सांग."

नवखा माणूस पुस्तकाची गोष्ट सांगायला लागे. अक्का हात हलवून त्याला थांबवी. "ते मला ठाऊक हाय. मी पण वाचलंय. शेवटच्या पानाच्या पुढं काय झालं, ते सांग."

म्हणजे पुस्तक जिथं संपलं तिथून पुढची गोष्ट आपण आपल्या मनानं सांगायची. बऱ्यापैकी जमली तर अक्का म्हणे, "वजन हाय. घे पुढचं पुस्तक." नाही जमली तर, "हलकं हाय. उद्या ये." या कायद्यापायी एक वकील साहेब रागानं निघून गेले ते परत आले नाहीत. उलट एक हवालदार होते, ते नेमानं यायचे. रहस्यकथांशिवाय दुसरं काही वाचायचे नाहीत. टोपी काखेत धरून, साहेबापुढं उभं राहावं तसे काट्यावर उभे राहायचे आणि पकडलेला खुनी पुढं जामिनावर कसा सुटला, साक्षीदार कसे फिरले, हे इतकं बारकाईनं सांगायचे की खोलीतली बाकीची माणसं पुस्तकं बाजूला ठेवून ऐकायची.

मला मात्र ते कधी जमलं नाही. "मग सगळे सुखात राहिले" याच्या पलीकडं माझी गाडी जायची नाही. "हे पुढचं न्हवं," अक्का म्हणायची, "ही सुटका हाय." तरी मला पुस्तक मिळायचं. वरच्या खोलीचं भाडं वेळेवर देणारी भाडेकरू रोज उठून कुठं शोधायची, असा तिचा विचार असावा.

ती स्वतः एका लोखंडी खुर्चीत बसलेली असे. गुडघे गेले होते, हे एक कारण. दुसरं असं की उठणं तिला पटायचंच नाही. नगरसेवक येवोत, दीर येवोत, कॉलेजचे प्राचार्य येवोत, अक्का बसल्या जागेवरून "या की" म्हणायची. दारात लिंगायतांचा गुरू, जंगम आला तरच ती उठायची. मांडणीला धरून, दात आवळून उठायची, नमस्कार करायची आणि तो वळेपर्यंत उभी राहायची. मी एकदा म्हटलं, "अक्का, बसून केला तर चालणार नाही का नमस्कार?"

"ज्याच्याकडं आपल्यापेक्षा जास्त हाय, त्याच्याम्होरं बसू ने," ती म्हणाली. "बाकीच्यांकडं जास्त हाय असं मला अजून दिसलं न्हाय."

माहेर तिचं कर्नाटकाच्या सीमेजवळच्या नेसरीचं. राग आला की तिची मराठी मागं पडून कानडी पुढं यायची. आणि या भागातल्या बायकांची असते तशी तिचीही भाषा पुरुषी होती. "मी आलो", "मी वाचतो", "मी सांगतो की". पुण्याची माझी मैत्रीण एकदा आली होती, ती दोन दिवस अक्काच्या बोलण्यातला 'तो' कोण, तेच शोधत होती.

ओंकार पहिल्यांदा आला तेव्हा चौथी-पाचवीत असेल. त्याचे वडील गुळव्या. हंगामात ते गुऱ्हाळांवर असायचे, मोठ्या कढईत, काहिलीत उकळणारा रस कधी उतरवायचा ते बघायचे. आई आणि हा गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायचे. त्यानं एका राजपुत्राचं पुस्तक नेलं होतं, कुठल्याशा परदेशी गोष्टीचं मराठी केलेलं. ते परत करायला आला नि काट्यावर उभा राहिला. तेव्हा मी नेमकी खाली होते.

"पुढं काय झालं?" अक्कानं विचारलं.

पोरगं जरा वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिलं. मग म्हणालं, "राजपुत्र जिंकला. पण त्याला झोपच येईना."

"का?"

"त्यानं गुऱ्हाळावर रस पिला न्हवं का? तिथं चुलवाणात एक बाई ऱ्हाती. जाळात. ती चिपाडं खाती. पण नुसत्या चिपाडानं तिचं पोट भरत न्हाय. मग ती एकेक माणसाची झोप मागून घेती. माझ्या बाबांची घेतलीया. म्हणून हंगामात बाबा झोपत न्हाईत."

काहिलीखालच्या त्या भल्या मोठ्या चुलीला आमच्याकडं चुलवाण म्हणतात. मी लहानपणी पाहिलेलं आहे. पण त्यात कुणी राहत असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं.

"मग राजपुत्रानं काय केलं?" अक्काचा आवाज बदलला होता.

"त्यो म्हणाला, माझी झोप परत दे. ती म्हणाली, कुठली तुझी ते वळखून काढ. तिच्याकडं लई झोपा हाईत, गाठोडी बांधून ठेवल्यात. सगळी सारखीच दिसत्यात."

हातातला चहा अक्कानं तसाच ठेवला होता. त्यावर साय धरली. "वजन हाय," ती शेवटी म्हणाली, "लई वजन हाय," आणि त्याला एकाच्या जागी दोन पुस्तकं दिली. असा सढळपणा तिनं माझ्या देखत दुसऱ्या कुणाला दाखवला नाही.

त्यानंतर ओंकार कुठलंही पुस्तक नेवो, समुद्री चाच्यांचं, पाताळातल्या माणसांचं, चंद्रावरच्या स्वारीचं, त्याची पुढची गोष्ट फिरून फिरून चुलवाणातल्या बाईपाशीच यायची. तिच्या केसांत ठिणग्या होत्या. पावसाळ्यात ती राखेत अंग मुडपून बसायची. अक्का त्याची वाट बघायची. दुपार टळली की रस्त्याकडं नजर लावून बसायची आणि मी जिन्यावरून उतरले की म्हणायची, "आज त्यो यायचाय." मी तिला चिडवायचे, "जावई यायचा असल्यासारखं करता!" ती हसायची नाही. "तुला न्हाय कळायचं. ह्या पोराकडं हाय."

दहावी झाली आणि तो पुण्याला गेला. पुढं इंजिनियरिंग, पुढं कंप्युटरची नोकरी. मग एके दिवशी गल्लीच्या तोंडाशी भला मोठा फ्लेक्स लागला. त्यावर आग ओकणारा ड्रॅगन, त्याच्याखाली ओंकार आणि ओंकारच्या दुप्पट आकाराचे चौकातल्या मंडळाचे अध्यक्ष. ओंकारच्या कादंबरीमालेचा पहिला भाग आला होता. बर्फाचं राज्य, खांद्यावर खूण असलेला पोरका राजपुत्र, पांढऱ्या दाढीचा मांत्रिक, मंतरलेली तलवार. पोरं वेडी झाली. पुस्तक प्रदर्शनात त्याच्या सहीला रांगा लागल्या. त्यावर मालिका निघणार, अशीही आवई उठली.

मला ते पुस्तक आवडलं. हे मी आजही सांगते. कंटाळलेल्या माणसानं शनिवारी दुपारी उघडावं आणि चहाची वेळ टळावी, असं ते होतं. अक्काला तसं सांगितलं तर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जिन्याखालून ओरडली, "बरफ! ह्यानं बरफ बघितलाय कुठं? रसवंतीच्या गाड्यावर!"

"अक्का, कल्पना असते ती."

"कुणाची? त्या दाढीवाल्या म्हाताऱ्याला मी किती पुस्तकांत भेटलोय म्हाईत हाय काय तुला? दर टायमाला मरतोय आणि दर टायमाला परत येतोय. त्याला कंटाळा कसा येत न्हाय? आणि ती तलवार, ती तिसऱ्या फळीवरची हाय. ती रानातली झाडं बोलत्यात, ती खिडकीजवळच्या मांडणीतली. माझ्याच घरातला माल उचलून माझ्याच दारात विकालाय! हुच्चा!"

हुच्चा म्हणजे वेडा. ती शिवी तिनं फक्त आपल्या माणसांसाठी राखून ठेवली होती.

तरी पुस्तक तिनं विकत आणलं, लायब्ररीत ठेवलं. पोरं मागत होती, नाही कसं म्हणायचं? फक्त ठेवलं अगदी खालच्या फळीवर, मुंगळ्यांच्या वाटेत. परत करताना काट्याचा कायदा होताच. आणि इथं एक मोठी गंमत झाली. एरवी अडखळणारी पोरं या पुस्तकाची पुढची गोष्ट धडाधड सांगायला लागली. सगळी तीच सांगायची. मांत्रिक मेला नाहीये, राजपुत्राचा बापच शत्रू निघणार, ड्रॅगन त्याच्या बाजूला येणार. हवालदारांनीही हौसेनं नेलं होतं. ते टोपी काखेत धरून म्हणाले, "अक्का, ह्यातली ती राजकन्या फितूर हाय. पुढच्या भागात सापडतीया."

दुसरा भाग आला. मांत्रिक परत आला, बाप शत्रू निघाला, ड्रॅगन बाजू बदलून मोकळा झाला आणि राजकन्या फितूर निघाली. पोरं खूश झाली. आपण सांगितलं तसंच झालं! हवालदारांनी तर पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

अक्का एकटी खचली. "हवालदाराला जे आधी ठाऊक हाय, ते सांगायला लेखक कशाला पायजे गं?" ती मला म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. तिसरा भाग तिनं वाचला तो नुसता शोधत वाचला. मी विचारलं, "काय शोधताय?" तर म्हणाली, "बाई कुठं सापडते काय बघतोय."

तिसऱ्या भागानंतर चौकातल्या मंडळानं ओंकारचा सत्कार ठेवला. लहानपणी ज्यांच्या लायब्ररीत वाचलं त्या म्हणून अक्कालाही स्टेजवर बसवलं. ओंकार तिच्या पाया पडला. शाल, श्रीफळ, फोटो झाले. मग कुणाला तरी हौस आली, अक्कांनी दोन शब्द बोलावेत. मी पहिल्या रांगेत होते. तिनं माइक हातात घेतला.

"बसूनच बोलतो, गुडघं न्हाईत," तिनं सुरुवात केली. "ह्यो पोरगा माझ्याकडं काट्यावर हुबा ऱ्हायचा. मला एका बाईची गोष्ट सांगायचा. चुलवाणातल्या. तशी गोष्ट मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचली न्हाय. मी ह्याचं तिन्ही भाग वाचलं. बरफ हाय, ड्रॅगन हाय, म्हातारा हाय. सगळं दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं हाय. ती बाई कुठं हाय ओंकार?"

ओंकार हसला, पण कान लाल झाले होते. तो पुण्याच्या मराठीत म्हणाला, "अक्का, गुऱ्हाळ आता कुणाला कळणार? माझे वाचक सगळीकडचे आहेत. चुलवाण कुणी पाहिलंय?"

"आणि बरफ कुणी बघितलाय?"

कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं सगळं बिघडलं. ओंकारनं मान खाली घातली आणि कार्यक्रम उरकल्यावर चहाला न थांबता गाडीत बसून गेला.

मग व्हायचं ते झालं. पोरांच्या आयांनी लायब्ररी सोडली. फोनवर लोकांनी काय काय लिहिलं. अक्का म्हणाली, "वाचून दाव." मी चाचरत वाचलं, "म्हातारी जळते."

"कशावर जळू? बरफावर?" ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. पण ते हसणं तेवढ्यापुरतंच.

त्या दिवसानंतर अक्कानं कुणाला काट्यावर उभं केलं नाही. पुस्तक परत आलं की "ठेव तिथं" एवढंच म्हणायची. हवालदार आपले टोपी काखेत घेऊन उभे राहायचे, जरा वाट बघायचे आणि टोपी घालून निघून जायचे. खोलीतला तो सगळा बोलका गलका थांबला. मला तिचा राग आला होता. भर सभेत पोराचं तोंड उतरवायचं काय नडलं होतं? एका संध्याकाळी गुळाचा चहा घेताना मी तसं बोलूनही दाखवलं.

ती पुसून स्वच्छ झालेलं पुस्तक परत परत पुसत होती. "एकट्यात बोलायला पायजे होतं," ती म्हणाली. "पण एकट्यात त्यो येतच नव्हता की. मी किती वाट बघितली. आता त्यो लिवायचाच थांबला तर? जे थोडं उरलं आसंल त्याच्यात, ते मी मोडलं आसंल काय गं?"

तिच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहिलं. राग कुठल्या कुठं गेला. मला तिची इतकी माया आली की तिचा तो हळदीनं पिवळा झालेला हात मी धरून ठेवला. माझं लग्न पुढं, जरा उशिरानंच, झालं, मी राजारामपुरीत राहायला गेले, तरी ऑफिसातून सुटल्यावर आठवड्यातनं एकदा तिच्याकडं जायचे. काटा रिकामाच असायचा.

चौथा भाग येणार येणार म्हणून पोरं वाट बघत राहिली आणि तो आला नाही. ओंकारनं नोकरी सोडली म्हणे. हंगामभर वडिलांबरोबर गुऱ्हाळावर होता म्हणे. अक्का हे ऐकायची आणि हातातलं पुस्तक पुसत राहायची. मग एक लहानसं पुस्तक आलं. प्रकाशक कुणाच्या ऐकिवात नसलेला, मुखपृष्ठावर ना तलवार ना ड्रॅगन, नुसता अंधार आणि खालच्या कडेला लालसर उजेड. जुने वाचक बिथरले. हे काय, यात जादू कुठं आहे? फ्लेक्स कुणी लावला नाही. ते पुस्तक हवालदारांनी शोधून आणून अक्काला दिलं. त्या दिवशी तिनं दुपारीच लायब्ररीच्या दाराला फळी लावली. मी गेले तर आतून म्हणाली, "आज न्हाय. उद्या ये."

कसं होतं, हे तिनं मला सांगितलं नाही. मी वाचलं तेव्हा कळलं, ती का बोलली नाही ते. चुलवाणातली बाई त्यात होती. एका गुळव्याची झोप तिनं घेतलेली असते. मुलगा शहरात निघून जातो. शेवटी रस उकळत असताना, आयुष्यात पहिल्यांदाच, गुळव्याचा डोळा लागतो आणि काहील करपते. तिथं पुस्तक संपतं.

ओंकार आला तो एका दुपारी, सांगावा न धाडता. नशीब माझं की मी तिथं होते. रापला होता, हाताला चटक्यांचे डाग होते. दारातनं आत आला आणि कुणी न सांगता काट्यावर उभा राहिला.

"मी चुकलतो, अक्का," तो म्हणाला.

"तितं नको," अक्का म्हणाली. "हिकडं ये. बस."

तिनं बोटानं आपली खुर्ची दाखवली. आणि ती उठली. मांडणीला धरून, दात आवळून, जंगमासाठी उठायची तशी. मी हात द्यायला पुढं झाले, तिनं मानेनंच नको म्हटलं. ओंकार गडबडला, बसायला तयार होईना. "बस म्हणतो की!" ती ओरडली तेव्हा कुठं तो खुर्चीच्या कडेवर टेकला. अक्का पाय ओढत काट्यावर गेली आणि आमच्याकडं तोंड करून उभी राहिली. तिचे हात कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. तिला इतकं घाबरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

"तुझं पुस्तक परत करतो," ती म्हणाली. "पुढं काय झालं, सांगतो."

आणि तिनं सांगितलं. काहील करपली, गुऱ्हाळ बंद पडलं. चुलवाण थंड झालं. बाईला जाळ मिळेना, चिपाडं मिळेनात. मग ती राखेतनं उठली, सगळी झोपांची गाठोडी पाठीवर घेतली आणि गुळाच्या गाडीत बसून शाहूपुरीत आली. तिथं एका अडतीच्या दुकानात राहिली. आता माणसांची झोप मागायचा तिला कंटाळा आला होता. मग ती येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायला लागली, झोप नको, गोष्ट दे. लोकांनी दिल्या. काही हलक्या होत्या, काही वजनाच्या. त्यावर तिचा जाळ कसाबसा जगला.

"एक पोरगा तिला लई भारी गोष्ट द्यायचा," अक्का म्हणाली. "त्यो मोठा झाला नि दुसरीकडच्या गोष्टी वाटत सुटला. बाईला भूक लागली. भुकंपायी ती त्याला नगं ते बोलली. मग रातचं तिला बी झोप येईना. येवढी गाठोडी घरात, पण तिची सोताची त्यात एक बी नव्हती. आणि एक दिवस त्यो पोरगा आला. हातात गाठोडं होतं. म्हणाला, ही घे, ही तुझी. मी वळखून आणलीया."

ती थांबली. फरशीकडं बघत उभी राहिली, अगदी लहान पोरं निकालाची वाट बघत उभी राहायची तशी.

ओंकारनं तोंड पुसून तिच्याकडं पाहिलं.

"वजन हाय, अक्का," तो म्हणाला.

"मग दे की पुढचं पुस्तक."

"ते अजून लिवायचंय."

अक्कानं दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवले. ती जागची हलली नाही.

"लिव तू," ती म्हणाली. "मी थांबतो."